जुनी गाडी इंजिन ऑइल खाते तेव्हा: नागपूरच्या गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात जुन्या पेट्रोल गाड्यांची दुरुस्ती करताना आम्हाला सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारे वाक्य म्हणजे, "भाऊ, गाडी ऑइल खाते, इंजिन करावे लागेल का?" इंजिन उघडून दुरुस्त करावे लागेल का, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा "थांबा, आधी मोजू या" असे असते. खालची उत्तरे साधारण दहा ते वीस वर्षे जुन्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. डिझेलचा विषय वेगळा असल्यामुळे त्यासाठी स्वतंत्र प्रश्न घेतला आहे.

गाडी ऑइल खाते असे नक्की कधी म्हणावे?

प्रत्येक इंजिन थोडे ऑइल जाळतेच. पिस्टन वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर राहावा लागतो आणि त्यातला काही भाग प्रत्येक स्फोटात जळून जातो. त्यामुळे दोन सर्व्हिसिंगच्या मधल्या काळात पातळी किंचित उतरली, तर त्याला दोष म्हणता येत नाही. अनेक कंपन्या आपल्या मॅन्युअलमध्ये १,००० किलोमीटरमागे एक लिटरच्या आसपासची कमाल मर्यादा देतात, काही कंपन्या त्याहून कमी देतात. ही मर्यादा फार सैल आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण लहान गाडीच्या इंजिनात एकूण तीन-साडेतीन लिटरच ऑइल असते आणि त्यातले एक लिटर गेले तर उरलेल्या ऑइलवर ताण पडतो.

आम्ही व्यवहारात असा अंदाज धरतो. पंधरा वर्षे जुन्या गाडीत १,००० किलोमीटरमागे पाव लिटरपर्यंत ऑइल लागत असेल, तर फक्त लक्ष ठेवावे. पाव ते अर्ध्या लिटरच्या दरम्यान असेल, तर कारण शोधावे, घाई करू नये. अर्ध्या लिटरच्या वर गेले किंवा मागच्याला दिसेल इतका निळा धूर येऊ लागला, तर दुरुस्तीचा निर्णय घेण्याची वेळ झाली आहे.

ऑइल किती जाते हे घरी कसे मोजावे?

हे मोजमाप फुकट आहे आणि पुढचा सगळा खर्च त्यावर अवलंबून असतो, म्हणून ते टाळू नका. गाडी सपाट जागी उभी करा. घरासमोरच्या रस्त्याला उतार असेल, तर रोज एकाच जागी, एकाच दिशेने तोंड करून उभी करा. गरम इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटे थांबा, म्हणजे वर चढलेले ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत उतरते. ऑइलची पातळी दाखवणारी कांडी (डिपस्टिक) काढून स्वच्छ कापडाने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा आणि दोन्ही बाजूंनी पाहा. दोन बाजूंवर वेगळी पातळी दिसली, तर खालची धरा.

सुरुवातीला ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा, त्या दिवशीचे किलोमीटर लिहून ठेवा आणि दर २५० किलोमीटरला पाहणी करा. पातळी उतरली की औषधाच्या मापाच्या बाटलीने मोजून ऑइल घाला आणि घातलेले प्रमाण वहीत लिहा. १,००० किलोमीटर झाल्यावर बेरीज करा. "अंदाजे अर्धा डबा टाकला" या माहितीवर आम्ही कोणाचेही इंजिन उघडत नाही.

येथे एक चूक वारंवार दिसते. ऑइल कमी होते म्हणून मालक वरच्या खुणेच्याही वर भरून ठेवतात. असे केल्याने फिरणारा क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो, ते ब्रिदरच्या, म्हणजे चेंबरमधला वायू बाहेर नेणाऱ्या नळीतून हवेबरोबर इंजिनात ओढले जाते आणि जळते. म्हणजे जास्त भरलेले ऑइल इंजिन आपोआप खाऊन टाकते आणि खुणेपर्यंत आल्यावर थांबते. असा अनुभव आला असेल, तर मोजणी पहिल्यापासून करावी.

शहरात पातळी हलत नाही, पण अमरावतीला जाऊन आलो की एकदम कमी होते. असे का?

याची दोन कारणे असतात. पहिले सर्वांना माहीत आहे: लांबच्या प्रवासात इंजिन सलग जास्त फेऱ्यांवर (आरपीएमवर) चालते आणि पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांमधून वर जाणाऱ्या ऑइलचे प्रमाण वाढते. समृद्धी महामार्गावर जुनी लहान गाडी ताशी १०० किलोमीटरच्या वर सतत पळवली, तर हा फरक एका फेरीतच कांडीवर दिसतो.

दुसरे कारण फारसे कोणी सांगत नाही. घर ते बर्डी, बर्डी ते घर अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांमध्ये इंजिन पूर्ण तापतच नाही. न जळलेले थोडे पेट्रोल भिंतींवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळत राहते. ऑइल जळत असते, पण त्याची जागा पेट्रोल घेत असल्याने कांडीवर पातळी तशीच दिसते. मग एके दिवशी गाडी दीडशे किलोमीटर धावते, तापलेल्या ऑइलमधले पेट्रोल उडून जाते आणि खरी पातळी समोर येते. कांडीवरच्या ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर आधी ऑइल बदला आणि मगच मोजणी सुरू करा.

लाल दिवा लागलेला नाही, म्हणजे ऑइल पुरेसे आहे ना?

नाही. डॅशबोर्डवरची लाल ऑइलची खूण बहुतेक जुन्या गाड्यांत ऑइलचा दाब दाखवते, पातळी दाखवत नाही. दाब फार खाली गेल्यावरच तो दिवा लागतो आणि तोपर्यंत बेअरिंगांना कोरडे घर्षण सुरू झालेले असू शकते. चौकात वळताना किंवा जोरात ब्रेक लावताना तो क्षणभर लुकलुकत असेल, तर ऑइल इतके कमी झाले आहे की ते एका बाजूला सरकले की पंपाच्या जाळीला मिळतच नाही. अशा वेळी गाडी तिथेच बाजूला घेऊन बंद करावी, घरापर्यंत नेऊ नये.

जमिनीवर डाग पडत नाही. तरी गळती असू शकते का?

असू शकते. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून झिरपलेले ऑइल गरम सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर पडून तिथेच जळते, जमिनीपर्यंत येतच नाही. गाडी उभी केल्यावर बॉनेटखालून जळका वास येत असेल, तर पहिला संशय तिथे घ्यावा. काही गळती फक्त इंजिन चालू असताना, दाबाखाली होते आणि वाऱ्याबरोबर गाडीच्या पोटाला मागेपर्यंत पसरते. ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरची रबरी रिंग, पुढचे आणि मागचे क्रँक सील, डिस्ट्रिब्युटर असलेल्या गाड्यांत त्याची ओ-रिंग, चेंबरच्या नटाखालचा तांब्याचा वायसर, या सगळ्या जागा पाहाव्या लागतात. इंजिन धुऊन, कोरडे करून, शंभर-दीडशे किलोमीटर चालवून पुन्हा खालून पाहिले, तर ओल नेमकी कुठून सुरू होते ते कळते. धुळीने माखलेल्या इंजिनकडे पाहून निदान करू नये.

धुरावरून कारण ओळखता येते का?

बऱ्याच अंशी ओळखता येते, पण धूर केव्हा येतो हे त्याच्या रंगाइतकेच महत्त्वाचे आहे. डिसेंबरच्या सकाळी सायलेन्सरमधून येणारा पांढरा, लगेच विरणारा धूर ही केवळ पाण्याची वाफ असते. इंजिन तापल्यावरही पांढरा दाट धूर राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर विषय हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या (हेडखालच्या) पॅकिंगचा आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जात आहे. ऑइलचा धूर निळसर असतो, हवेत रेंगाळतो आणि नाकाला झोंबतो.

आता वेळेचा भाग पाहू. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच निळा भपका आला आणि अर्ध्या मिनिटात बंद झाला, तर रात्री व्हॉल्व्हच्या दांड्यांवरून झिरपलेले ऑइल जळाले असे समजावे. म्हणजे व्हॉल्व्ह सील कडक झाली आहेत. व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर गाडी दोन मिनिटे उभी राहिली आणि निघताना भपका आला, तरी संशय त्याच सीलांवर जातो, कारण उभ्या गाडीत इंजिन नुसते रिकामे चालू (आयडलिंग) असताना इन्टेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गात मोठी पोकळी तयार होते आणि ती सैल सीलमधून ऑइल ओढते. याउलट चढावर, भरलेल्या गाडीत, ॲक्सिलरेटर दाबून धरल्यावर सतत धूर येत असेल, तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेले असण्याची शक्यता अधिक असते.

नागपूर सपाट असल्याने एक तपासणी शहरात नीट होत नाही. त्यासाठी आम्ही गाडी रामटेकला नेतो. गडावरून उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढून गाडी खाली येऊ द्यायची आणि पायथ्याशी रस्ता मोकळा पाहून ॲक्सिलरेटर दाबायचा. मागच्या गाडीत बसलेला माणूस त्या क्षणी काय दिसले ते सांगतो. मोठा निळा ढग उठला, तर व्हॉल्व्ह सील किंवा गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) हे प्रमुख संशयित, पण अडकलेली ऑइल रिंगही हेच करू शकते. म्हणून या एका चाचणीवर निकाल देऊ नये.

धूर अजिबात दिसत नसला, तरी निर्धास्त राहू नका. सायलेन्सरच्या वाटेत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चांगला तापलेला असेल, तर तो बराच धूर जाळून टाकतो. ऑइलमधल्या फॉस्फरसमुळे तोच हळूहळू निकामी होत जातो.

इंजिन उघडण्याआधी सर्वांत स्वस्त तपासणी कोणती?

ब्रिदरची. पिस्टनच्या कडेने खाली येणारा वायू बाहेर काढून पुन्हा इन्टेकमध्ये नेण्यासाठी इंजिनाला एक नळी आणि बहुतेक गाड्यांत पीसीव्ही नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो चिकटला किंवा नळी आतून काळ्या चिखलाने भरली, की चेंबरमध्ये दाब साठतो आणि ऑइलला मिळेल त्या वाटेने बाहेर ढकलतो: सीलांमधून, कांडीच्या नळीतून, रिंगांच्या कडेने. व्हॉल्व्ह उघडा अडकला, तर उलट होते. तो इन्टेककडे ऑइलचे तुषार सतत ओढत राहतो.

तपासणी सोपी आहे. इंजिन रिकामे चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण काढा आणि तोंडावर वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा. कागद हलकेच आत ओढला गेला, तर व्यवस्था ठीक आहे. तो थरथरत वर उडत असेल, तर एकतर ब्रिदर तुंबला आहे किंवा रिंगांमधून खूप वायू खाली येत आहे. एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल साचलेले दिसले, तर तीही याचीच खूण आहे. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवला, तर तो खुळखुळला पाहिजे.

एका निवृत्त शिक्षकांची २००७ सालची गाडी आमच्याकडे आली, तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना हाफ इंजिनचा, म्हणजे इंजिन उघडून पिस्टन-रिंगांचे काम करण्याचा खर्च सांगून झाला होता आणि ते गाडी विकायच्या विचारात होते. त्यांनी वही ठेवली होती: १,००० किलोमीटरला ६०० मिलिलिटर. ब्रिदरची नळी काढली तेव्हा बाहेरून ती धडधाकट दिसत होती. आतले रबर मात्र फुगून मिटलेले होते, फुंकर मारली तर हवा पलीकडे जात नव्हती. नवी नळी, नवा पीसीव्ही, ऑइल आणि फिल्टर बदलल्यावर पुढच्या १,००० किलोमीटरला त्यांच्या वहीत १५० मिलिलिटरची नोंद झाली. प्रत्येक गाडी इतकी नशीबवान नसते, परंतु दोन-तीनशे रुपयांच्या भागाची तपासणी न करता इंजिन खाली उतरवणे हा मालकावर अन्याय आहे, असे आम्हाला मनापासून वाटते.

कॉम्प्रेशन टेस्ट कशी वाचावी?

प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो, हे या चाचणीत गेजने मोजतात. इंजिन गरम असावे, सर्व प्लग काढलेले असावेत, बॅटरी पूर्ण चार्ज असावी, पेट्रोल आणि इग्निशन बंद केलेले असावे आणि स्टार्टर मारताना थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवावा. यातले एक जरी राहिले, तरी आकडे खोटे येतात. मिळालेला आकडा आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलशी ताडून पाहावा. सिलिंडर-सिलिंडरमधला फरक दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर कमी दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा चढला, तर त्या ऑइलने रिंगांची फट तात्पुरती भरली, म्हणजे दोष रिंगांत किंवा बोअरमध्ये आहे. आकडा तसाच राहिला, तर हवा व्हॉल्व्हमधून किंवा हेड गॅस्केटमधून जाते आहे.

आता सर्वांत महत्त्वाची बाब. कॉम्प्रेशन उत्तम आले, म्हणजे रिंगा निर्दोष असे समजू नका. पिस्टनवर साधारणपणे तीन रिंगा असतात. वरच्या दोन दाब धरतात आणि खालची तिसरी भिंतीवरचे जादा ऑइल खरवडून खाली पाठवते. ही तिसरी रिंग कार्बनने जाम झाली आणि तिच्यामागची परतीची भोके बुजली, तरी वरच्या दोन रिंगा दाब चोख धरून ठेवतात. गाडी ओढायला ताकदवान असते, मायलेजही ठीक असते आणि तरीही लिटरमागून लिटर ऑइल जाते. अशा वेळी प्लग बोलके ठरतात. चारपैकी एकच प्लग ओला, काळा, तेलकट निघाला, तर दोष त्या सिलिंडरपुरता आहे. चारही प्लगांवर सारखाच राखाडी थर असेल, तर दोष सगळीकडे पसरलेला आहे किंवा ब्रिदरमधून ऑइल येत आहे.

व्हॉल्व्ह सील बदलायला हेड उतरवावेच लागते का?

बऱ्याच इंजिनांत लागत नाही. प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडून व्हॉल्व्ह वर दाबून धरता येतात. हवा नसेल, तर पिस्टन थोडा खाली असताना त्याच भोकातून नायलॉनची दोरी आत भरायची आणि क्रँक हाताने फिरवून पिस्टन वर आणायचा. दोरीचा गोळा व्हॉल्व्हला खालून टेकू देतो. मग स्प्रिंग काढून जुने सील उपटून नवे बसवता येते. दोरीचे एक टोक बाहेर राहिले पाहिजे, हे सांगण्याची गरज वाटू नये, पण आम्ही ते प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.

जुने सील बोटांत दाबून पाहा. नवे सील रबरासारखे वाकते, उष्णतेने शिजलेले सील वाळलेल्या सालपटासारखे तुटते. मात्र व्हॉल्व्हची दांडी गाइडमध्ये आडवी हलत असेल, तर नवे सील काही महिन्यांतच पुन्हा सैल होईल. मग हेड उतरवून गाइडचे काम करणेच शहाणपणाचे आहे.

रिंगा कार्बनने अडकल्या असतील, तर इंजिन न उघडता त्या सुटतील का?

कधी सुटतात, कधी नाही. प्रयत्न करण्यासारखा आहे, कारण खर्च एका सर्व्हिसिंगइतका असतो. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये कार्बन विरघळवणारे द्रव्य ओततात, रात्रभर मुरू देतात, सकाळी उरलेले द्रव्य ओढून काढतात आणि प्लग न लावताच स्टार्टर मारून भोके मोकळी करतात. प्लग लावून थेट सुरू केले आणि आत द्रव राहिला असेल, तर तो दाबला जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर लगेच बदलावे लागतात, कारण ते द्रव्य खाली चेंबरमध्ये उतरलेले असते.

ज्या इंजिनाच्या झाकणाखाली काळ्या ग्रीससारखा चिखल साचला आहे, त्यात जोरदार फ्लश वापरू नये. सुटलेला चिखल पंपाच्या जाळीवर बसतो आणि ऑइलचा दाब जातो. अशा इंजिनात चांगले ऑइल भरून ते २,००० ते ३,००० किलोमीटरला दोन-तीन वेळा बदलणे हा संथ, पण सुरक्षित मार्ग आहे.

जाड ऑइल टाकले तर भागेल का?

नागपूरच्या हवामानात हा उपाय काही जुन्या इंजिनांसाठी योग्य ठरतो. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हिवाळ्यातही गोठवणारी थंडी नसते, त्यामुळे सकाळी थंड इंजिनात जाड ऑइल चढायला अडचण येते, असे फारसे होत नाही. मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानानुसार ऑइलच्या ग्रेडचा तक्ता दिलेला असतो. त्यात २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० चालते असे असेल, तर १०डब्ल्यू-३० वरून तिकडे जाऊन पाहायला हरकत नाही. तक्त्याबाहेर जाऊ नये. ज्या इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ ऑइलच्या दाबावर बदलते किंवा हायड्रॉलिक टॅपेट आहेत, त्यांत बारीक वाहिन्या असतात आणि जाड ऑइल तिथे वेळेवर पोहोचत नाही.

सुट्या पिंपातले ऑइल घेऊ नका. सीलबंद डबा घ्या आणि रिकामा झाल्यावर त्याला भोक पाडा, म्हणजे तो पुन्हा भरून कोणाला विकला जाणार नाही.

धूर बंद करणारी औषधे मिळतात, ती घालावीत का?

त्यांपैकी काही ऑइल घट्ट करतात आणि काही रबराला किंचित फुगवून मऊ करतात. कडक झालेल्या सीलांना दुसऱ्या प्रकाराने काही काळ आराम पडतो. झिजलेले धातू कोणत्याही बाटलीने भरून येत नाहीत. गाडी विकण्याच्या आदल्या आठवड्यात हे औषध घालून धूर लपवणे ही घेणाऱ्याची फसवणूक आहे आणि त्यासाठी आम्ही मदत करत नाही.

बोअर न करता फक्त रिंगा बदलून हाफ इंजिन करता येईल का?

बोअरच्या मापावर ते ठरते, मेकॅनिकच्या सवयीवर नाही. पिस्टन बाहेर काढल्यावर सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन काटकोनी दिशांनी बोअर गेजने मोजावा लागतो. भिंत वरच्या बाजूला जास्त झिजते आणि गोल न राहता अंडाकृती होते. झीज मॅन्युअलच्या मर्यादेत असेल, तर हलके होनिंग करून तिरक्या जाळीचे ओरखडे उमटवायचे आणि मूळ मापाच्या नव्या रिंगा बसवायच्या. मर्यादेबाहेर असेल, तर नवी गोल रिंग अंडाकृती भिंतीला कधीच पूर्ण टेकत नाही. मग ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठा बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालावे लागतात किंवा स्लीव्ह (सिलिंडरच्या आत नवी नळी) बसवावे लागते.

एक जुने उदाहरण घेऊ. मारुती ८०० च्या ७९६ सीसी इंजिनाचा बोअर ६८.५ मिलिमीटर आहे. त्यात एका केसाच्या जाडीइतकी झीजसुद्धा रिंगला जाणवते. नखाने वरची पायरी चाचपून "ठीक आहे" म्हणणाऱ्या माणसाकडे हे काम देऊ नका. लेथवाल्याने मापे कागदावर लिहून दिली पाहिजेत. रिंग पिस्टनवर चढवण्याआधी ती बोअरमध्ये सरळ ठेवून तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजली जाते. ही पायरी घाईत गाळली जाते आणि मग फट कमी राहिलेली रिंग तापल्यावर टोकाला टोक भिडून मोडते.

काहीच केले नाही आणि नुसते ऑइल टाकत राहिलो तर?

हा प्रश्न लोक संकोचाने विचारतात. संकोचाची गरज नाही, हा अनेकदा बरोबर निर्णय असतो. समजा गाडी महिन्याला ८०० किलोमीटर चालते, १,००० किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल जाते आणि ऑइल ४०० रुपये लिटर आहे. वर्षाला ४.८ लिटर, म्हणजे १,९२० रुपये झाले. हाफ इंजिनला समजा ३०,००० रुपये लागत असतील, तर तेवढ्या पैशांत पंधरा वर्षांचे ऑइल येते.

पण या हिशेबाच्या अटी आहेत. दर आठवड्याला कांडी पाहणारा माणूस घरात हवा. डिकीत एक लिटरचा डबा हवा. पीयूसी पास होत असावी. प्लग वारंवार खराब होत नसावेत. आणि ऑइल टाकत राहिलो म्हणून ते बदलायचे नाही, असे करू नये, कारण जुनी घाण आणि फिल्टर तसेच राहतात. मागे लहान मुले शाळेत जाणाऱ्या दुचाक्यांवर बसलेली असताना आपल्या गाडीचा निळा धूर त्यांच्या तोंडावर जात असेल, तर हिशेब कितीही फायद्याचा असला तरी दुरुस्ती करा किंवा गाडी बंद करा.

वापरलेले दुसरे इंजिन बसवणे स्वस्त पडेल का?

कधीकधी पडते, पण त्या इंजिनाचा इतिहास कोणालाच माहीत नसतो. बसवण्याआधी त्याचे कॉम्प्रेशन आपल्यासमोर मोजून घ्यावे. इंजिन नंबर आरसीवर नोंदलेला असतो, त्यामुळे खरेदीचे बिल आणि मूळ कागद घेऊन आरटीओत बदलाची नोंद करावी लागते आणि विमा कंपनीलाही कळवावे लागते. कागद नसलेले इंजिन कितीही चांगले वाजत असले, तरी घेऊ नका.

गाडी पंधरा वर्षांची झाली आहे. तिच्यात पैसे घालावेत का?

दिल्लीतल्या वयाच्या बंधनाच्या बातम्या वाचून अनेक जण घाबरतात. ते बंधन दिल्ली परिसरापुरते आहे. एमएच-३१, एमएच-४९ किंवा एमएच-४० क्रमांकाची खासगी गाडी पंधरा वर्षांनंतर तपासणी होऊन पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदवता येते. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाचे केंद्रीय शुल्क ५,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. त्याशिवाय राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो.

म्हणून क्रम असा ठेवा: नोंदणी संपायला किती महिने उरले आहेत ते आधी पाहा, पत्र्याला खालून गंज किती लागला आहे ते लिफ्टवर पाहा, सस्पेन्शन आणि गिअरबॉक्सची अवस्था विचारा आणि मगच इंजिनाचा विचार करा. पत्रा सडलेल्या गाडीत नवे इंजिन घालायला आम्ही नकार देतो. पत्रा कोरडा, गिअरबॉक्स शांत आणि पुढची पाच वर्षे गाडी ठेवायची असेल, तर नीट केलेले इंजिन नव्या गाडीच्या एका वर्षाच्या हप्त्यांपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

नागपूरच्या उन्हाळ्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

थेट संबंध आहे. एकदा जरी इंजिन उकळले, तरी रिंगांचा ताण कमी होऊ शकतो आणि सील शिजू शकतात. अनेकांची ऑइलची तक्रार एप्रिल-मे महिन्यात गाडी तापल्यानंतरच सुरू झालेली असते, फक्त त्यांनी दोन्ही गोष्टींचा संबंध जोडलेला नसतो.

तापण्यावर उपाय म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. कृपया तसे करू देऊ नका. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन वर्षातले आठ महिने थंडच चालते, पेट्रोल ऑइलमध्ये मिसळते, चिखल होतो आणि तोच पुढे ऑइल रिंगची भोके बुजवतो. रेडिएटर साफ करा, पंख्याचा स्विच तपासा, कूलंट योग्य प्रमाणात भरा, थर्मोस्टॅट नवा बसवा. एअर फिल्टरचा डबा नीट बंद होतो का हेही पाहा. तुटलेल्या क्लिपमधून आत जाणारी रस्त्याच्या कामाची धूळ बोअरवर पॉलिश पेपरसारखी घासते.

माझी गाडी टर्बो डिझेल आहे. वेगळे काय पाहावे?

आधी टर्बो. त्याचा शाफ्ट बोटाने हलवून पाहावा आणि इंटरकूलरच्या पाइपमध्ये ऑइल किती साचले आहे ते काढून पाहावे. हलकी ओल चालते, पण तळे साचलेले असेल तर गाडी चालवू नका. डिझेल इंजिन स्वतःचेच ऑइल इंधन म्हणून जाळत बेफाम फेऱ्या घेऊ लागले, तर किल्ली बंद करूनही थांबत नाही. असे झाल्यास हाताचा गिअर असलेली गाडी सर्वांत वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडावा आणि इंजिन बंद पाडावे.

काम दिल्यावर गॅरेजकडून काय मागावे, आणि नंतर काय करावे?

काम सुरू होण्याआधी तपासणीचे आकडे लेखी घ्या: चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, प्लगांची अवस्था, ब्रिदरची तपासणी. इंजिन उघडल्यावर पुढे जाण्याआधी फोन करायला सांगा आणि शक्य असेल, तर स्वतः जाऊन पिस्टन हातात घेऊन पाहा. अडकलेली रिंग बोटाने दाबली तरी खाचेत हलत नाही, हे कोणालाही समजते. बदललेले सर्व जुने भाग परत मागा. काढलेले काळे ऑइल नालीत न ओतता ते अधिकृतपणे गोळा करणाऱ्याकडेच जाते का, हेही विचारा. नालीतले ऑइल शेवटी नाग नदीत पोहोचते.

हाफ इंजिन झाल्यावर पहिले १,००० किलोमीटर एकाच वेगाने सलग पळवू नका आणि उभ्या गाडीत तासन् तास इंजिन चालूही ठेवू नका. वेग कमी-जास्त करत चालवले, तरच रिंगा भिंतीला बसतात. पहिले ऑइल ५०० किलोमीटरला बदला, कारण नव्या धातूचा बारीक चुरा त्यात असतो. रिंगा बसेपर्यंत थोडे ऑइल कमी होईल, म्हणून लगेच घाबरून गाडी परत आणू नका. मोजणीची वही मात्र पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करा आणि ३,००० किलोमीटरनंतरचा आकडा घेऊन या. काम यशस्वी झाले की नाही, हे आम्ही त्या आकड्यावरून सांगू.